नळ्या ‘बंद’ दिसल्या म्हणजे बंदच असतात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचा राग पोचला. मूल होत नसेल तर करायच्या तपासण्यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: तुमच्या बहिणीच्या एचएसजीत (गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या बीजनळ्या मोकळ्या आहेत का ते बघणाऱ्या एक्स-रे तपासणीत) दोन्ही नळ्या बंद दिसल्या, दोन महिने घरात कुणाला झोप नव्हती, आणि पुढे दुर्बिणीच्या तपासणीत (लॅपरोस्कोपीत) त्याच नळ्यांतून सोडलेला निळा रंग सहज बाहेर पडला. ‘मग एचएसजी आधी करा असं कशाला लिहिता?’ हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा आक्षेप, पाळीच्या एकविसाव्या दिवशी करायची रक्ततपासणी सगळ्यांना लागू नाही असं लिहून मी डॉक्टरांवरचा विश्वास उडवतो आहे.

पहिल्या मुद्द्यावर लेख अपुरा होता, हे मान्य. एचएसजीत गर्भाशयाच्या तोंडातून आयोडीनचा डाय (एक्स-रेवर दिसणारं द्रव) सोडतात आणि तो कुठवर जातो ते एक्स-रेवर बघतात. गर्भाशयाच्या वरच्या दोन कोपऱ्यांत, जिथून नळी सुरू होते, तिथे स्नायू असतात. डाय घाईनं ढकलला किंवा कळ येऊन बाई आखडली की हे स्नायू आवळतात. डाय कोपऱ्यातच अडतो आणि रिपोर्टवर ‘दोन्ही बाजूंना कॉर्न्युअल ब्लॉक’ असं लिहून येतं. नळी पुढे मोकळी असू शकते. म्हणून डाय सावकाश सोडायचा, अडला तर काही मिनिटं थांबून पुन्हा फोटो घ्यायचा. तासभर आधी डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी घेतली तर त्रासही कमी होतो.

नळी टोकाला फुगून डाय आतच साठलेला दिसला, तर मात्र ते आकुंचन म्हणून सोडून देऊ नका. तिथे नळीत पाणी भरलेलं असण्याची शक्यता असते, आणि आपल्याकडे त्यामागे जुना टीबीही निघतो. डाय नेमका कुठे थांबला हे फिल्मवर दिसतं. म्हणून नुसता कागद नको, फिल्म मागून घ्या आणि जपून ठेवा.

तरीही एचएसजी आधी, या मतावर मी ठाम आहे. दुर्बिणीला पूर्ण भूल लागते. एचएसजीला सहसा लागत नाही, आणि गर्भाशयाच्या पोकळीचा आकारही त्यातच कळतो. पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात ती करायची. पाळी सुरू झाल्यापासून तपासणीपर्यंत संबंध टाळायचे.

आता एकविसावा दिवस. प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज फुटल्यावर वाढणारं संप्रेरक, रक्तात बघायचं ते पुढच्या पाळीच्या सुमारे सात दिवस आधी. २८ दिवसांच्या चक्रात तो एकविसावा येतो. चक्र ३५ दिवसांचं असेल तर अठ्ठाविसावा. अशा बाईनं एकविसाव्याला रक्त दिलं तर बीज अजून फुटायचं तरी असतं किंवा नुकतंच फुटलेलं असतं. आकडा कमी येतो आणि ‘बीज फुटत नाही’ असा शिक्का बसतो. डॉक्टरांशी वाद घालायला मी सांगत नाही. गेल्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा लिहून न्या, दिवस ते ठरवतील. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनासाठी किंवा घरच्या लग्नासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल तर तेही सांगा, कारण त्या महिन्याचा हिशोब धरता येत नाही. ही गोळी आपल्याकडे इतकी सर्रास घेतली जाते की ती सांगायची असते हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

एक गोष्ट मला टोचली. तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत बहिणीच्या यजमानांच्या वीर्यतपासणीचा उल्लेखच नाही. झाली नसेल तर बहिणीची पुढची कुठलीही तपासणी करण्याआधी ती करून घ्या. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा आणि तो तासाभरात लॅबला पोचायला हवा. तुम्ही राधानगरीकडच्या, घरून डबी घेऊन एसटीनं कोल्हापूर गाठेपर्यंत तास उलटून जातो आणि शुक्राणूंची हालचाल मंदावते. मग दोष नसताना दोष दिसतो. त्यांना लॅबमध्येच नमुना द्यायला सांगा.