शॅडोने म्हणे बॅटमॅनची नक्कल केली!

तो फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला, तोवर मी गप्प होते. पण परवा भाचा त्यातलीच वाक्यं शाळेतल्या भाषणासाठी घोकत बसलेला दिसला आणि डोकंच फिरलं. त्यात लिहिलंय ते असं: बॅटमॅन बॉब केनने एकट्याने घडवला, त्याच्याआधी दुहेरी आयुष्य जगणारा मुखवट्यातला नायक नव्हताच, आणि 'द शॅडो' हा गुन्हेगारांशी लढणारा मासिकातला नायक म्हणजे बॅटमॅनची नक्कल.

शेवटचं आधी घेते, कारण ते निव्वळ अचाट आहे. शॅडोचं मासिक न्यूयॉर्कच्या स्ट्रीट अँड स्मिथ प्रकाशनाने एप्रिल १९३१ मध्ये सुरू केलं. बॅटमॅन आला तो मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'मध्ये, अंक २७. म्हणजे आजोबांनी नातवाचं नाक उचललं म्हणायचं!

उचलेगिरी झाली, पण उलट्या दिशेने. नोव्हेंबर १९३६ च्या शॅडो मासिकातली थिओडोर टिन्स्लीची 'पार्टनर्स ऑफ पेरिल' घ्या आणि बॅटमॅनची ती पहिली सहा पानी गोष्ट शेजारी ठेवा. दोन्हीकडे रसायनांच्या धंद्यातले भागीदार एकेक करून मारले जातात. दोन्हीकडे काचेखाली कोंडून विषारी वायू सोडायचा तोच सापळा. बॅटमॅन वायूच्या तोटीत रुमाल कोंबतो आणि पान्याने काच फोडतो. एवढंच कशाला, शॅडो लॅमॉन्ट क्रॅन्स्टन नावाचा श्रीमंत माणूस बनून पोलीस कमिशनर वेस्टनकडे ऊठबस करतो, आणि इकडे ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन, कमिशनर गॉर्डनकडे पाइप ओढत बसलेला! जुन्या मासिकांचे अभ्यासक विल मरे आणि अँथनी टॉलिन यांनी २००७ मध्ये हे साम्य उघड केलं. ती गोष्ट लिहिणाऱ्या बिल फिंगरने तर त्याच्या कितीतरी आधी कबूल केलं होतं की पहिली संहिता शॅडोच्या गोष्टीवरून बेतली होती.

बरं, एक मान्य करते. शॅडोचं स्वतःचं कॉमिक निघालं ते मार्च १९४० मध्ये, बॅटमॅननंतरच. घोळ बहुधा तिथेच झालाय. पण कॉमिक नंतर आलं म्हणून नायक नंतरचा होत नाही.

'एकट्याने' म्हणाल तर केनच्या पहिल्या चित्रात लाल कपडे, डोळ्यांपुरता मुखवटा आणि ताठ पंख होते. कानवाला मुखवटा, झूल, हातमोजे ही फिंगरची सुचवण. तो १९७४ मध्ये वारला, आणि निर्माता म्हणून त्याचं नाव केनच्या जोडीला छापायला २०१५ उजाडलं.

राहिला पहिला मुखवटा. जॉन्स्टन मॅककलीचा झोरो १९१९ चा. दिवसा नाजूक, आळशी डॉन डिएगो, रात्री तलवार. बॅटमॅनच्या नंतरच्या कथांत ब्रूसच्या आईवडिलांचा खून होतो त्या रात्री ते तिघं कोणता सिनेमा पाहून निघालेले असतात? झोरोचाच. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने शॅडो सोडा, बॅटमॅनसुद्धा धड वाचलेला नाही.