आधी मैलापाणी, मग काठ

पुण्यातल्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुळा-मुठेचे काठ बांधायच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचा विषय निघाला, की मला साक्षीला बोलावतात: ‘शिकागोचा नदीकाठ कसा चकाचक आहे, सांग यांना!’ आहेच चकाचक. पाहुणे आले की आम्हीही डाउनटाउनचा रिव्हरवॉक, म्हणजे नदीकाठचा पादचारी रस्ता, मिरवतो. पण काठ बघायचा तर दीडेक तास गाडी हाणून स्टार्व्हड रॉकला जावं.

इलिनॉय नदीवरचं हे स्टेट पार्क १९११पासूनचं. पाण्याने वालुकाश्मात कोरलेल्या १८ घळी, वर ओक नि पाइन. प्रवेश फुकट, त्यामुळे ऑक्टोबरात सिंहगडाचा रविवार! खरी मजा कडाक्याच्या थंडीत. नदी गोठते, पण बंधाऱ्याखाली पाणी खळाळत राहतं. दारांतून आपटत आलेले अर्धमेले मासे वर तरंगतात आणि बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचा गरुड, झाडावरून सुटून, पोट ओलं न करता, पंजात मासा उचलतो. लगेच दुसरा हिसकावायला मागे. समोरचं प्लम बेट हा त्यांचा अड्डा. तिथे बांधकामाचा घाट होता. २००४ मध्ये इलिनॉय ऑडुबॉन सोसायटी या निसर्गरक्षक संस्थेने बेटच विकत घेतलं.

इथले लोक जात्याच निसर्गप्रेमी, असं मात्र समजू नका. १९०० मध्ये शिकागोने आपली नदी उलटी फिरवून शहराचं मैलापाणी याच इलिनॉय नदीकडे लावून दिलं. डीडीटी या कीटकनाशकाने गरुडही संपत आले होते. १९७२ मध्ये बंदी आली म्हणून सावरले. शिवाय ते इथे जमतात ते बंधाऱ्यापाशी, म्हणजे काँक्रीटच्याच कृपेने. त्यामुळे ‘नदीला हातच लावू नका’ हेही मला पटत नाही.

माझं भांडण आधी काय नि मग काय, याचं आहे. इथे पाण्यासाठी कायदे आणि शुद्धीकरण केंद्रं झाली. पार्कात चालायला लाकडी पायऱ्या नि फळ्यांच्या वाटा, बाकी रान. पुण्यात मुळा-मुठेचा ४४ किलोमीटरचा काठ बांधायला काढला, २०२३च्या एप्रिलमध्ये लोकांना झाडांसाठी चिपको करावं लागलं, आणि जायका या जपानी संस्थेच्या कर्जातली ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं वर्षानुवर्षं रखडली. घाटावर बसून वास घ्यायचा का?

‘तिकडे बसून बोलणं सोपं’, हे उत्तर ठरलेलं. सोपं आहेच. तरी उरलेल्या टप्प्यांत झाडांचा काठ बांधकामाच्या आराखड्यातून वगळा, आणि कुठलं केंद्र कधी सुरू होणार ते तारखेनिशी जाहीर करा.