ओढून आणलेली गाडी घ्यावी का?

हप्ते थकले म्हणून बँकेने ओढून आणलेली गाडी घ्यावी का नको यावर आमच्या घरात दिवाळीपासून चर्चा चाललीय, आता मिरजेपासून तासगावपर्यंतचे सगळे पाहुणे त्यात पडलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहूनच टाकतो. गाडी दाजींना घ्यायचीय. स्विफ्ट बघितलीय, पेट्रोल, २०१९ ची, बाजारात पाच लाखाच्या आसपास जाईल अशी, आणि अशा ओढून आणलेल्या गाड्या उभ्या करतात त्या यार्डातला एजंट पावणेचारला द्यायला तयार. दाजींचं म्हणणं, "सव्वा लाख वाचतंय, सोडायचं कशाला?" आणि आईचं म्हणणं, "दुसऱ्याच्या दारातनं ओढून आणलेली गाडी आपल्या दारात नको, त्या माणसाचा तळतळाट लागतो."

आईचं बोलणं मी हसण्यावारी नेत नाही. मी पतसंस्थेत कर्ज विभागात काम करतो, हप्ते थकलेली माणसं रोज समोर बसतात. गाडी कुणाची जाते ते बघितलंय मी. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला, डाऊनी रोगाने घड गेले, त्यातून जे पिकलं त्याचे पैसे व्यापारी बुडवून पळाला, अशा द्राक्षवाल्याची जाते. आल्याच्या पिकाला भाव मिळेल म्हणून धरून बसलेल्या कोरेगावच्या शेतकऱ्याची जाते, कर्ज काढून टुरिस्टला गाडी लावलेल्या पोराची जाते. बुडवायचंच म्हणून कर्ज घेणारे असतात, नाही असं नाही, पण ते थोडे. त्यामुळे त्या माणसाचा विचार आधी करायचा हे आईचं एकदम बरोबर आहे.

पण मग पूर्ण विचार करू. गाडी विकून जे पैसे येतात ते त्याच्याच कर्ज खात्याला जमा होतात. देणं फिटून वर काही उरलं तर ते त्याचं, आणि कमी पडलं तर बाकी त्याच्याच डोक्यावर राहते, गाडीही गेली आणि कर्जही शिल्लक. बरेच जण म्हणतात गाडी नेली म्हणजे विषय संपला, तर तसा तो संपत नाही. म्हणजे आपण ती गाडी घेतली नाही तर त्याचं भलं होतं असं काही नाही, उलट यार्डात उन्हापावसात जितके महिने उभी राहील तितकी किंमत उतरणार आणि तितकी बाकी त्याच्या अंगावर जास्त पडणार. त्याचं खरं नुकसान होतं मातीमोल भावात गाडी फुंकली की, आणि दुसरं, गाडी विकली जाऊनसुद्धा आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी कागदावर, त्याचं नाव तसंच राहिलं की. हे दुसरं फार वाईट आहे आणि आपल्याकडे सर्रास चालतं.

२०१८ साली सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक धरायचा, गाडी मधल्या मध्ये कितीही जणांना विकलेली असो. आता विचार करा, ज्याची गाडी ओढून नेली तो गावात बसलाय, गाडी दुसराच कुणीतरी चालवतोय, विमा संपलेला, आणि पेठ नाक्यावर कुणाला तरी उडवलं तर कोर्टाची नोटीस त्या बिचाऱ्याच्या घरी. तळतळाट म्हणायचा तर हा. म्हणून मी आईला म्हणालो, की आई, आपण घेतली तर आधी त्याचं नाव उतरवायचं, मगच गाडी रस्त्यावर आणायची. तिला ते पटलं.

आता त्या एजंटचं बोलणं ऐका. "गाडी आज घेऊन जावा, पेपर दोन महिन्यात करून देतो, नोटरी करू, टीटी फॉर्मवर सह्या आहेतच." टीटी फॉर्म म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचा फॉर्म. सह्या कुणाच्या, तर जुन्या मालकाच्या, कर्ज घेताना कोऱ्या फॉर्मवर घेऊन ठेवलेल्या. असल्या व्यवहारात हात घालायचाच नाही, लाखभर आणखी कमी केले तरी नाही. नोटरी केली म्हणून आरसीवर नाव चढत नाही. आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, तुमचं दाखवा म्हटल्यावर साहेबांनी विषयच बदलला. दाजींना मी तिथंच सांगितलं की ही गाडी सोडा.

मग सरळ रस्ता कुठला? बँक किंवा फायनान्स कंपनी स्वतः लिलाव करते तिथून घेणं, म्हणजे पैसे थेट त्यांच्या खात्यात जातात आणि पावती त्यांच्या नावाची मिळते. आरसीवर जुन्या मालकाचं नाव आणि त्याखाली बँकेचा बोजा असतो. मूळ आरसी बहुतेक वेळा त्या माणसाकडेच राहिलेली असते, तो ती देत नाही किंवा सापडत नाही, तर त्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ मध्ये सोय आहे. बँक फॉर्म ३६ भरते, आरटीओ जुन्या मालकाला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवून बाजू मांडायची संधी देतं, आणि मग जुनी आरसी रद्द होऊन बँकेच्या नावाने नवीन निघते. तिथून फॉर्म २९ आणि ३० वर आपल्या नावावर. बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. गाडी एमएच ०९ किंवा एमएच १२ ची, म्हणजे कोल्हापूर किंवा पुण्याची असेल तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणखी वेगळी, फॉर्म २८. यातला कुठला फॉर्म कधी मिळणार हे पैसे भरायच्या आधी ईमेलवर लेखी घ्यायचं, फोनवरच्या "होऊन जाईल"ला काही अर्थ नाही.

आणि अजून एक गोष्ट मी आवर्जून मागतो, ती बहुतेक जण मागत नाहीत. गाडी ओढायच्या आधी आणि ओढल्यावर पोलीस ठाण्याला कळवल्याची पत्रं, आणि विकायच्या आधी कर्जदाराला पैसे भरायची शेवटची संधी दिल्याची नोटीस. ही संधी द्यायची हे रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे आणि गुंड पाठवून गाड्या ओढायच्या नाहीत हे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच सुनावलंय. ही पत्रं असली तर उद्या तो माणूस कोर्टात गेला तरी आपली गाडी अडकायची भीती कमी, आणि त्याच्यावर जबरदस्ती झाली नाही याची आपल्यालाही खात्री. द्यायला कां कूं केलं तर ती गाडी सोडून द्यायची.

बाकी ई-चलन, विमा, पीयूसी हे एम-परिवहनवर आणि ट्रॅफिक चलनाच्या साइटवर घरबसल्या दिसतं, थकलेली चलनं कुणी भरायची हे लिलावाच्या अटीत वाचा, बहुतेक वेळा ती घेणाऱ्याच्याच गळ्यात असतात.

आता गाडीच्या तब्येतीचं. इथे माझ्या नोकरीतला अनुभव सांगतो. हप्ता ही माणूस सगळ्यात शेवटी बंद करतो ती गोष्ट. त्याच्या आधी सर्व्हिसिंग बंद होतं, मग टायर घासले तरी तसेच, मग विमा फर्स्ट पार्टीवरून थर्ड पार्टीवर येतो, ऑइल बदलायचं "पुढच्या महिन्यात" होतं. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीताच्या यादीत जातं, त्यानंतर नोटिसा, मग गाडी ओढणार, मग यार्ड, मग लिलाव. म्हणजे आपल्या हातात येते तेव्हा त्या गाडीकडे कुणी मायेने बघितल्याला वर्ष दीड वर्ष झालेलं असू शकतं, आणि मीटरवर किलोमीटर कमी दिसतात म्हणून आपण खूश होतो. रान पडीक ठेवलं की पहिल्या वर्षी नुसतं तणच दिसतं, खालचा बिघाड नांगर घातल्यावर कळतो, तसंच आहे हे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन रेकॉर्ड काढायचं आणि शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालंय ती तारीख बघायची, ती तारीख मला किलोमीटरपेक्षा महत्त्वाची वाटते.

यार्डात टेस्ट ड्राइव्ह बहुतेक देत नाहीत, स्टार्ट करून दाखवतात फक्त, आणि विक्री "आहे तशी, आहे तिथे". त्यामुळे आपला मेकॅनिक स्कॅनर घेऊन सोबत पाहिजेच. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा, २०१९ च्या गाडीला अजून तोच टायर असेल तर चारही बदलायचे. बॉनेट उघडून वायरिंग उंदराने कुरतडलंय का बघा, यार्डात हे हमखास. स्टेपनी, जॅक, म्युझिक सिस्टिम जागेवर आहे का आणि मुख्य म्हणजे दुसरी चावी आहे का ते विचारा. नसेल तर कंपनीतून नवीन चावी कोडिंग करून घ्यायला चांगलेच पैसे जातात, आणि एक चावी बाहेर कुणाकडे तरी आहे ही धाकधूक वेगळी.

आणि सांगलीत असून महापूर विसरायचा नाही. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, शामराव नगर, मारुती चौक, कोल्हापूर रोड, कुठेकुठे गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या ते आपण डोळ्याने बघितलंय. त्यातल्या बऱ्याच पुसूनपासून पुन्हा बाजारात आल्या. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, शेवटच्या वीतभर भागावर चिखलाचा डाग राहतो, तो कुणी धूत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, सीटखालच्या बोल्टला गंज, कार्पेट उचलल्यावर कुबट वास, यातलं एक जरी सापडलं तरी गाडी मोफत मिळाली तरी नको, कारण पाण्यातून निघालेली वायरिंग आज चालते आणि महाबळेश्वरच्या घाटात बंद पडते.

आता हिशेब. दाजी म्हणतात सव्वा लाख वाचतात. मी कागदावर मांडून दाखवलं. टायर वीस हजार धरा, बॅटरी पाच-सहा, ऑइल, फिल्टर, ब्रेक, कूलंट सगळं पहिल्यापासून करायचं म्हणजे दहा-बारा, क्लच निघाला तर तो वेगळा, विमा खंडित असेल तर कंपनी आधी गाडी तपासणार मग पॉलिसी देणार आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो आपल्याला मिळत नाही. त्यात आरटीओचा खर्च, आणि नाव होईपर्यंत गाडी दारात नुसती उभी, तोवर पैसे अडकलेले. साठ-सत्तर हजार सहज जातात. उरले पंचावन्न-पासष्ट, आणि ते न दिसणाऱ्या बिघाडासाठी राखून ठेवायचे. माझं मत असं आहे की बाजारभावापेक्षा निदान पाव भाग खाली मिळत असेल तरच या फंदात पडावं, नाहीतर ओळखीतल्या माणसाची, सर्व्हिस बुक असलेली गाडी चार पैसे जास्त देऊन घ्यावी. आणि ज्याला रोज गाडी लागते, दूध घालायला किंवा पोरांना कॉलेजला सोडायला, त्याने तर घेऊच नये, कागद व्हायला वेळ लागतो आणि तेवढा दम त्याच्याकडे नसतो.

दाजींना घाई नाही, बुलेट आहे, म्हणून त्यांना मी हो म्हणालोय, पण एजंटवाली नाही. एका बँकेच्या लिलावात सातारची एमएच ११ वॅगन आर आहे, एकच मालक, पुरातली नाही असं रेकॉर्डवरून तरी दिसतंय. फॉर्म ३६ चं आणि नोटिसांचं विचारून ईमेल टाकलाय, उत्तर आलं की मेकॅनिकला घेऊन बघायला जाणार, आणि बोली कुठवर न्यायची तो आकडा घरूनच ठरवून जायचा, तिथं वाढवायचा नाही हे दाजींकडून कबूल करून घेतलंय. सातारा आरटीओत फॉर्म ३६ चं काम अलीकडे कुणी केलं असेल तर किती दिवस लागले तेवढं मला कळवा.