ज्युरी ‘ब्लिट्झ’ने घालवली नाही

नानावटी खटल्याचा (बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याच्या खुनाबद्दल नौदल अधिकारी नानावटींवर चाललेला खटला) विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींना सोडवलं, तो देशातला शेवटचा ज्युरी खटला (म्हणजे सामान्य नागरिकांच्या मंडळाने कौल द्यायचा खटला) ठरला आणि त्यापायीच सरकारने ज्युरी बंद केली. इतिहास म्हणून हे पुढे पाठवू नये.

मुळात सुटका टिकलीच नाही. १९५९ मध्ये ज्युरीने ८ विरुद्ध १ असा निर्दोषत्वाचा कौल दिला खरा, पण सत्र न्यायाधीश रतिलाल मेहतांना तो पटला नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. मार्च १९६० मध्ये हायकोर्टाने जन्मठेप सुनावली, नोव्हेंबर १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. ज्युरीला कायदा समजावून सांगताना न्यायाधीशांकडूनच चुका झाल्या, असं हायकोर्टाने म्हटलं. कौल का चुकला याचं नोंदलेलं कारण हे आहे; पेपर वाचून ज्युरी फिरली, हा तर्क.

पुरावाही बघा. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. आहुजा नुकताच आंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल. तीन गोळ्या लागून तो पडला, तरी टॉवेल जागचा हलला नव्हता. रागाच्या भरात म्हणावं, तर बायकोने प्रेमसंबंधांची कबुली दिल्यानंतर नानावटींनी तिला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं. मध्ये तीन तास गेले. ‘ब्लिट्झ’ने कितीही रकाने भरले तरी वरच्या कोर्टांत हे पुसलं गेलं नाही.

‘शेवटचा खटला’ हेही चूक. कलकत्त्यात त्यानंतरही वर्षानुवर्षं ज्युरी बसत होती. ती मोडीत काढण्याची शिफारस विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच केली होती, आहुजाचा खून एप्रिल १९५९ चा. ज्युरी कायद्यातून गेली १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत.

‘ब्लिट्झ’ला क्लीन चिट द्यावी असं मुळीच नाही. करंजियांनी १९४१ मध्ये काढलेल्या या पेपराने उघड बाजू घेतली, शिक्षा कायम झाल्यावर माफीसाठी मोहीम चालवली, आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिलीही. प्रभाव मोजायचा तर तिथे मोजा. आणि जाब विचारायचा तर, स्वतःची बाजू मांडायला जिवंत नसलेल्या माणसाला हा पेपर आठवड्यामागून आठवडे खलनायक म्हणून रंगवत राहिला, त्याचा विचारा.