आपल्या दारासमोर टेंगूळ कसं आणावं

तुमच्या घरासमोर अजून गतिरोधक नसेल, तर दोनच शक्यता आहेत. एक तर तुम्ही भाड्याने राहता, नाहीतर तुमचं कुणी ऐकत नाही. पहिल्यावर माझ्याकडे इलाज नाही. दुसऱ्यावर आहे, आणि तो मी स्वतःच्या दारासमोर करून पाहिलेला आहे.

सुरुवात अर्जापासून. अर्जात वेगाबद्दल फार लिहू नका. टेबलामागच्या माणसाला वेग दिसत नाही; त्याला ज्येष्ठ नागरिक दिसतात. ‘सदर रस्त्यावरून लहान मुले व ज्येष्ठ नागरिक यांची सतत ये-जा असून’ हे वाक्य पहिल्या परिच्छेदात आलंच पाहिजे. तुमच्या गल्लीतली सगळी मुलं मोठी होऊन बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीला गेलेली असली तरी घाला. कधीकाळी लहान होतीच की. गाड्या जोरात कोण हाकतं, हा तपशील ‘बाहेरची मुले’ एवढ्यावरच ठेवा. आमच्या गल्लीत सगळ्यात सुसाट जाणारी गाडी बी विंगच्या चेअरमनसाहेबांच्या चिरंजीवांची आहे, सायलेन्सर बदललेली. अर्जावर तिसरी सही चिरंजीवांचीच आहे.

सह्या चाळीसच्या आसपास हव्यात. घरात कुणी नसलं तर शेजाऱ्याने करून टाकायची, ही आपली जुनी रीत आहे. आमच्या अर्जावर अडतीस सह्या होत्या आणि त्यातल्या अकरांची वेलांटी एकसारखी होती. हात कुणाचा ते सांगत नाही, पेन माझं होतं. अर्ज दिलात की आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घ्या. पोच नसलेला अर्ज कार्यालयात भेळ खायच्या कामी येतो.

पूर्वी हे सगळं नगरसेवकांच्या दारात उरकायचं. २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांची मुदत संपली, आणि २०२६च्या जानेवारीत निवडणुका होईपर्यंत आपल्याकडे सगळे माजीच होते. त्या काळात ब्रेकर पडायचे थांबले असतील असं तुम्हाला वाटत असेल, तर ‘माजी’ या शब्दाचं वजन तुम्हाला ठाऊक नाही. माजीला अधिकार नसतो, त्यामुळे परवानगीच्या भानगडीतही पडावं लागत नाही. ठेकेदाराचा नंबर मात्र मोबाइलमध्ये असतो.

आता जागा ठरवणं. यासाठी सोसायट्यांची एकत्र बैठक बोलवा, चहा सांगा, आणि मधे पडू नका. पहिली वीस मिनिटं प्रत्येकाला ब्रेकर आपल्या फाटकासमोर हवा असतो. मग कुणीतरी, बहुधा आधी कुठेतरी राहून आलेला माणूस, हळूच म्हणतो की रात्री आवाज फार होतो बरं का. त्या क्षणापासून प्रत्येकाला तो समोरच्याच्या फाटकापाशी हवासा वाटू लागतो. अशा वेळी बंद घर शोधावं. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने गेलेल्या जोडप्याचा बंगला यासाठी उत्तम. ते परत येतात तेव्हा ब्रेकर इतका जुना दिसत असतो की तो आपणच विसरलो होतो की काय, असं त्यांना वाटतं.

एक पथ्य पाळा. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे, तिची ‘आयआरसी : ९९’ नावाची मार्गदर्शिका आहे. १९८८ची, २०१८ मध्ये सुधारलेली. ती वाचू नका. मी वाचली आणि तेव्हापासून माझं गल्लीत कुणाशी पटत नाही. त्यात गोल पाठीच्या गतिरोधकाचं माप दिलंय: सतरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, रुंदी ३.७ मीटर, मध्यावर उंची दहा सेंटिमीटर. म्हणजे बारा फुटांच्या लांबीत चार इंचांचा चढ-उतार. ताशी पंचवीस किलोमीटरने गाडी त्यावरून अलगद जावी, असा हिशेब. एकापुढे एक असे घालायचे असतील तर दोघांत शंभर ते एकशेवीस मीटर अंतर. चाळीस मीटर आधी इशाऱ्याचा फलक, पाठीवर रात्री चमकणारे पट्टे. आमची गल्ली एकशेऐंशी मीटरची आहे. या हिशेबाने ताणूनताणून दोन बसतात. आहेत पाच: एक देवळासमोर, एक दवाखान्यासमोर, एक माजींच्या बंगल्यासमोर, एक माजींकडून हरलेल्यांच्या बंगल्यासमोर (त्यांच्यासमोर आहे मग आमच्यासमोर का नाही, या न्यायाने), आणि पाचवा आमचा.

ते बारा फूट कुठून आले, हेही त्या वाचनाच्या नादात कळलं. १९७३च्या सुमारास ब्रिटनच्या सरकारी रस्ते-संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकाने निरनिराळ्या आकाराच्या उंचवट्यांवरून गाड्या नेऊन पाहिल्या. अरुंद, चिंचोळ्या उंचवट्याची एक गंमत आहे. हळू आलेल्याला तो नीट हादरवतो, आणि जोरात आलेल्याचा धक्का बराचसा स्प्रिंगांतच जिरतो. म्हणजे शिक्षा सज्जनाला. लांब पाठीच्या उंचवट्यावर मात्र जितका वेग जास्त तितकी गाडी आतल्या माणसासकट उचलली जाते. त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आर्थर कॉम्प्टन यांनी आवारातल्या भरधाव गाड्यांना वैतागून असे उंचवटे स्वतः आखले होते. हे तेच कॉम्प्टन, ज्यांना १९२७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ब्रेकरच्या आकारावर नोबेलवाल्या माणसाला डोकं लढवावं लागलं, हे मी बैठकीत सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, “आपला मुकादमही हुशार आहे.”

आणि तो आहेच. त्याची हुशारी मी डोळ्यांनी पाहिली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रात्री साडेअकराला टेम्पो आला. पलीकडच्या रस्त्याचं डांबरीकरण चाललं होतं, तिथला उरलेला माल ताडपत्रीखाली धुमसत होता. आपल्याकडे ब्रेकर मंजूर होत नसतो, तो उरतो. चार माणसं, दोन घमेली, दोन फावडी, एक लाकडी दाताळं. मुकादमाने चपलेच्या टाचेने रस्त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढली. ही आखणी. मग तो वर बघून म्हणाला, “किती ठेवू, साहेब?” सेक्रेटरींनी हात आडवा धरून चार बोटं दाखवली. मी म्हणणार होतो की उंचीचं ठीक आहे हो, रुंदीचं विचारा, पण तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू ग्रिलमधून ओरडल्या, “चार बोटांनी काय होतंय? त्या मागच्या गल्लीत बघा केवढा आहे!” मुकादमाने आणखी दोन घमेली ओतली. मग समोरच्या इमारतीतून कुणीतरी “अजून जरा” म्हणालं. आवाज चिरंजीवांचा असावा असा मला संशय आहे. शेवटी जे उभं राहिलं ते हातभर रुंद आणि वीतभर उंच होतं. रोलर नव्हता. टेम्पोच त्याच्यावरून चार वेळा पुढेमागे केला, त्यामुळे चाकांच्या दोन जागी तो दबला आणि मधोमध तसाच राहिला. बाराच्या आत माणसं गेली. “पट्टे उद्या मारतो,” मुकादम जाताना म्हणाला. या गोष्टीला चौदा महिने झाले.

उद्घाटन सेक्रेटरींच्याच हस्ते झालं. सकाळी सहाला स्कूटरवरून दूध घेऊन येत होते. रात्री स्वतः बोटं दाखवली होती, पण सवयीचा रस्ता, डांबर काळं, उजेड नाही, पट्टे नाहीत. ते स्वतः सावरले. नारळ वाढवायचा राहिला होता, तेवढं दुधाच्या पिशवीने भागवलं. सूचनाफलक पुढे सव्वा महिन्याने आला आणि ब्रेकरच्या बरोब्बर शेजारी लागला. तो गाडी हवेत असताना वाचायचा असतो.

आता तुमच्या मनात येईल, निदान वेग तरी कमी झाला ना? झाला की. चारचाकीवाले पार थांबतात, पहिला गिअर टाकतात, तिरके होऊन एकेक चाक चढवतात, तरी खालून खर्रर्र करून चेसी घासतेच. रिक्षावाला आतल्या बाईंना “धरून बसा” म्हणतो. दुचाकीवाल्यांना मात्र मुकादमाने सोय ठेवली आहे. पावसाचं पाणी जायला म्हणून ब्रेकर कडेच्या गटारीपासून दीड फूट आधी थांबवलाय. गल्लीतली यच्चयावत दुचाकी त्या दीड फुटातून जाते. चिरंजीव तर तिथून ज्या सफाईने काढतात ते बघण्यासारखं आहे, वेग तसूभर कमी होत नाही. फक्त एक अडचण आहे. त्या दीड फुटातून माणसं चालतात. आमच्याकडे फुटपाथ आहे, पण त्यावर ट्रान्सफॉर्मर, इस्त्रीवाला आणि तीन कुंड्या आहेत. तेव्हा अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात ज्यांची सतत ये-जा होती त्या ज्येष्ठ नागरिकांच्या कोपराला आता आरसा लागतो. काकू हल्ली ब्रेकरच्या मधून, रस्त्याच्या मध्यावरून चालतात. म्हणतात, तिथं सेफ आहे, तिथून कुणी गाडी नेत नाही.

काही ठिकाणी माणसांनी रस्ता ओलांडायची जागाच फुटपाथच्या पातळीला उचलून सपाट करतात. माणूस सरळ चालतो आणि चढ-उतार गाडीला करावा लागतो. चांगली कल्पना आहे. पण त्यासाठी आधी फुटपाथ लागतो, आणि अर्जात ‘चालणारे’ असा शब्द लिहावा लागतो. त्यावर सह्या मिळणं कठीण.

आवाजाची सवय होते, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एका गाडीचे पाच आवाज असतात: आधी करकचून ब्रेक, मग पुढच्या चाकांचं धप्प, मग मागच्यांचं, मग आतल्या सामानाचा खडखडाट, आणि शेवटी सुटका झाल्यासारखा पिळलेला ॲक्सिलरेटर. पहाटे साडेचारला मंडईकडे निघालेला रिकाम्या क्रेटचा टेम्पो या पाचांत सहावा घालतो, आतल्या पोऱ्याचा. खिडक्या बंद करा, कानात कापूस घाला. धक्का भिंतीतून येतो. आमच्या फडताळातल्या बश्या आता स्वतःहून किणकिणतात.

आणि एक. हे अर्जात लिहू नका. मागच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या आजी बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला. अँब्युलन्समध्ये त्यांच्याजवळ मी बसलो होतो. चालकाने सायरन लावला नाही, म्हणाला, या गल्लीत त्याचा काही उपयोग नाही. पाचही ब्रेकर त्याने बैलगाडीच्या चालीने चढवले आणि उतरवले. आजी प्रत्येकावर “आई गं” म्हणाल्या, चढताना एकदा, उतरताना एकदा. मी मोजत होतो. पाचवा आमचा. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, नुसता माझा हात धरला.

दुसऱ्या आठवड्यात मी ब्रेकर काढून टाकण्याचा अर्ज लिहायला घेतला. कारण काय द्यावं? ‘सदर रस्त्यावरून ज्येष्ठ नागरिक यांची सतत ये-जा असून.’ सह्या त्याच, अडतीस. उलट जास्तच मिळाल्या असत्या, अमेरिकेचं जोडपं परत आलं होतं.

कार्यालयातले साहेब सज्जन होते. बसा म्हणाले, रजिस्टर काढलं, बोट फिरवत दोन पानं खाली गेले, मग संगणकात पाहिलं. चष्मा काढून म्हणाले, “तुमच्या गल्लीत गतिरोधक नाहीच्चे.” मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून बघितला. “हं. चांगला मोठा आहे,” म्हणाले. “पण नोंद नाही. वाहतूक पोलिसांचं ना हरकत नाही, मंजुरी नाही, बिल नाही. जो कागदावर नाही तो मी काढायचा कसा? काढायचा खर्च कुठल्या हेडखाली टाकू?” मग बाकीच्या चारांचंही पाहिलं. तेही नव्हते. एकशेऐंशी मीटरची आमची गल्ली सरकारदरबारी तळहातासारखी सपाट आहे.

मार्ग त्यांनीच सुचवला, आणि हा मार्ग मी कुठल्याही पुस्तकात वाचला नसता. आधी त्याच जागी गतिरोधक मागण्याचा रीतसर अर्ज द्यायचा. पाहणी होईल, पोलिसांचं पत्र येईल, मापात एक मंजूर होईल, रजिस्टरला चढेल. तो झाला की मग तो काढण्याचा अर्ज द्यायचा. मी विचारलं, मंजूर झालेला घालायला येतील तेव्हा आत्ताचा खरवडून काढतील ना? साहेब माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे बघत राहिले. “आत्ताचा कुठला?” म्हणाले.

अर्ज तयार आहे. ‘सदर रस्त्यावरून लहान मुले व ज्येष्ठ नागरिक’ पासून सुरू होतो. संध्याकाळी सातनंतर कधीही सही करायला या. घरी कुणाला यायला जमत नसेल तर नुसती नावं पाठवा. पेन आहे माझ्याकडे.