कल्याणच्या गाडीची भावकी

आमच्या जुन्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. कुणीतरी प्यूजो 309 चा फोटो टाकला आणि त्याखाली एका काकांनी निकाल देऊन टाकला, "फ्रेंच गाड्या म्हणजे नुसते नखरे. पार्ट मिळत नाहीत, विकायला जावं तर गिऱ्हाईक नाही." मी प्यूजोच्याच 205 टर्बो 16 या रॅलीच्या गाडीचं नाव काढलं, तर उत्तर आलं, "अरे, कॉम्प्युटरवर खेळायचास तीच ना?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

काका, 309 आपल्या कल्याणलाच बनायची, नव्वदच्या दशकात, प्रीमियरच्या कारखान्यात. पुढे भागीदारी बारगळली, कामगारांचे वाद झाले, सगळं मान्य. पण त्या गाडीचे दरवाजे 205 चेच होते, खालचा सांगाडाही त्याच घरातला. आणि 205 टर्बो 16 ने 1985 आणि 1986 अशी लागोपाठ दोन वर्षं जागतिक रॅली स्पर्धा जिंकली. 1985 च्या मोंते कार्लो रॅलीत तिचा चालक आरी वातानेनला आठ मिनिटांचा दंड झाला. जिथे सेकंदांवर निकाल लागतात तिथे आठ मिनिटं! तरी पठ्ठ्या जिंकला. इंजिन मागच्या सीटच्या जागी आडवं बसवलेलं, चारही चाकांना ताकद, आणि नियमापुरत्या 200 गाड्या साध्या गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या. 1986 मध्ये कॉर्सिकाच्या रॅलीत लान्चियाचा हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा सहचालक अपघातात गेले आणि ग्रुप बी, म्हणजे अशा बेफाम ताकदीच्या रॅली गाड्यांचा गट, बंद झाला. प्यूजोने तीच गाडी लांबवून डाकार रॅलीच्या वाळवंटात उतरवली आणि 1987 ची शर्यत मारली. आता विचारा रिसेल व्हॅल्यू!

बरं, हे सगळं मला आधी गेममधूनच कळलं. त्यात लाजायचं काय? आपल्याकडे क्रिकेट सोडून दुसरं काही धड लागायचं का टीव्हीवर? कॉलिन मॅक्रे रॅली 2.0 या गेममध्ये प्यूजोची पुढची गाडी, 206, होती. सायबर कॅफेतल्या कळकट कीबोर्डवर बाणाचं बटण धरून ठेवलं की गाडी थेट दरीत, म्हणून टकटक टकटक करत वळण काढायचं. शेजारी सहचालक निकी ग्रिस्टचा आवाज पुढचं वळण सांगतोय आणि मागे कॅफेवाला ओरडतोय, तास संपला. गेम आला त्याच वर्षी, 2000 साली, मार्कस ग्रॉनहोल्म खऱ्याखुऱ्या 206 मध्ये रॅलीचा जगज्जेता झाला. पुढे ग्रान तुरिस्मो या गेममध्ये 205 टर्बो 16 चालवायला मिळाली, तेव्हा ही कल्याणवाल्या गाडीची बहीण आहे हे मला पाठ होतं.

आता मी फ्रान्समध्ये राहतो. इथे सोशो या प्यूजोच्या गावातल्या संग्रहालयात रविवारी आजोबा नातवंडांना घेऊन येतात, 205 टर्बो 16 समोर उभे राहून वातानेनच्या गोष्टी सांगतात. आपण 309 चं काय जपलं? थट्टा.

अर्थात इथलेही धुतल्या तांदळाचे नाहीत. शेजारच्या टेबलवरचा गडी जन्माने सोशोचा, बाप प्यूजोतून निवृत्त झालेला, आणि हा चालवतो डासिया, प्रतिस्पर्धी रेनोच्या घरची स्वस्तातली गाडी. कोंत्रोल तेक्निकमधून, म्हणजे इथल्या सक्तीच्या गाडी तपासणीतून, पास झाली की बस, म्हणतो. मी एकदा कॅन्टीनमध्ये 205 वर बोलायला लागलो, तर सगळे कौतुकाने ऐकत राहिले. अगदी पाहुण्याचं ऐकावं तसं. कुणी वाद घातला नाही, हेच खुपलं. ग्रुपवरचे काका निदान भांडतात तरी.

आणि आमच्या दारात टोयोटाची यारिस आहे. ती फ्रान्समध्येच, वालांसिएनजवळ बनते, तेवढंच समाधान. घेताना बायकोने पहिला प्रश्न विचारला होता, विकताना किती येतील? आम्ही दोघं कल्याणचेच. काकांना हे मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

फ्रेंच नागरिकत्वासाठी प्रिफेक्चरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी कचेरीत, मुलाखत झाली. बाईंनी गणराज्याची तत्त्वं विचारली, मार्सेयेझ हे राष्ट्रगीत विचारलं, मोठ्या नद्या विचारल्या. ल्वार म्हणताना माझी जीभ अडखळली. पंच्याऐंशीचा मोंते कार्लो विचारला असता तर पैकीच्या पैकी पडले असते. निकाल अजून यायचाय. ग्रुपवर मात्र मला केव्हाच फ्रेंच करून टाकलंय.