कोकण रेल्वे झोपेत घालवू नका

गावी जायचं म्हटलं की आपण रात्रीची गाडी धरतो. डबा खायचा, चादर ओढायची, जाग येते तेव्हा कणकवली. रजा वाचते, सकाळी घरी चहाला हजर. सगळं मान्य. तरी वर्षातून एकदा तरी दिवसाच्या गाडीने जा, आणि शक्यतो पावसाळ्यात, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: 'अहो, समुद्र कुठे दिसतो?' महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसतच नाही. ही गाडी समुद्राची नाहीच, नद्यांची आहे. नद्या सह्याद्रीतून पश्चिमेला धावतात, रूळ उत्तरेकडून दक्षिणेला, म्हणून प्रत्येकीला आडवं जावं लागतं. वीरजवळ सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री. दोन नद्यांच्या मध्ये डोंगर, म्हणून बोगदा. रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर या ७४१ किलोमीटरमध्ये ९०हून जास्त बोगदे आणि लहान-मोठे सुमारे २००० पूल आहेत, ते त्यामुळेच. १९९८ साली पूर्ण मार्ग सुरू झाला, त्याआधी हाच प्रवास एसटीने केलेल्यांना विचारा!

आता खिडकी. मला विचाराल तर एसी नको, गजांची उघडी खिडकीच हवी. एसीची काच पावसात धुरकटते आणि कोकण टीव्हीवर बघितल्यासारखं दिसतं. दक्षिणेला जाताना सह्याद्री डावीकडे असतो, पावसाळ्यात तीच बाजू पकडा. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. आत शिरताच गार, ओला वारा तोंडावर येतो आणि पोरं ओरडायला लागतात. २०२२ मध्ये सगळ्या मार्गावर वीज आल्यापासून डिझेलचा कोंडलेला धूर मात्र बराच कमी झाला. रत्नागिरी सोडल्यावर मोबाईल खाली ठेवा, कारण पानवल नदीचा पूल येतो. खांब ६४ मीटर उंच. खाली बघितलं की माडांचे फक्त शेंडे दिसतात, आणि तेवढ्यात पूल संपतोसुद्धा. (दरवाज्यात लटकून रील काढणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.)

पावसाळ्यात वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात. मुसळधार लागला की ताशी ४० किलोमीटरपर्यंतच. दरडी बघायला ट्रॅकमन भर पावसात रुळांवरून चालत असतात, तेव्हा उशीर झाला म्हणून कुरकुरू नये. त्यात रोहा ते वीर सोडलं तर जवळजवळ सगळा मार्ग एकेरी, म्हणजे क्रॉसिंग, समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबणं, आलंच. विलवड्यासारख्या स्टेशनवर गाडी थांबते, पंख्यांची घरघर तेवढी राहते, डब्याच्या छपरावरून पागोळ्या गळतात. समोरच्या शेतात प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेतलेल्या बायका वाकून भाताची लावणी करतायत, एखादी मान वर करून गाडी बघते आणि पुन्हा वाकते. डब्यात कोणीतरी हमखास म्हणतं, 'गेला अर्धा तास!' मला तो अर्धा तास तिकिटात फुकट मिळाल्यासारखा वाटतो.

खाण्यासाठी दिवसा धावणाऱ्या मांडवी एक्स्प्रेसचं नाव आहे, भजी गरम आली की लगेच घ्या. घरचे घावणे आणि चटणी बरोबर असतील तर प्रश्नच नाही.

तिकीट मात्र जमल्यास मडगावपर्यंतचं काढा. सावंतवाडीला उतरलात तर गोव्यातले मांडवी आणि झुआरी नद्यांवरचे पूल राहतात. पावसाळ्यात मांडवी एक्स्प्रेस तिथे पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो, म्हणून पूल बघायचेच असतील तर पहाटेची जनशताब्दी घ्या. तिला काचेच्या छपराचा व्हिस्टाडोम डबा आहे. भाडं बरंच जास्त आणि खिडकी बंद, त्यामुळे मी आपला साध्या सिटिंगमध्येच सापडेन.